खाडीपलीकडचा समुद्र

गाडीतून उतरलेल्या गृहस्थांच्या गळ्यात फुगवलेली पोहण्याची ट्यूब होती. दोन्ही मुलं पोहण्याचे कपडे घालूनच आली होती आणि बायकोच्या डोक्यावर सुपाएवढी हॅट. कंडक्टरबाईंनी गच्चीवरून ही वरात पाहिली आणि मनाशी म्हणाल्या, आली, आणखी एक आली. मग हातातली ओली चादर दोरीवर नीट पसरून, चिमटे लावून त्या सावकाश खाली उतरल्या.

"समुद्र कुठंय?" गृहस्थांनी आल्या आल्या विचारलं.

"तो काय," बाईंनी हात केला. घरासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे खाडी, खाडीपलीकडे वाळूची पट्टी आणि तिच्यामागे समुद्र. अगदी स्वच्छ दिसत होता.

"तो दिसतोय. पण जायचं कसं?"

"गाडीनं. आलात तसं मागे फाट्यापर्यंत जायचं, तिथून पूल ओलांडायचा आणि पलीकडच्या काठानं परत खाली यायचं. तासभर धरा."

"अहो, पण अ‍ॅपवर तर समुद्रापासून दोन किलोमीटर असं लिहिलंय."

"खरं लिहिलंय. बगळ्याला तेवढंच पडतं."

चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती. सुट्टीची घरं भाड्यानं देणारं ते अ‍ॅप अंतर मोजायचं ते सरळ रेघेत, आणि रेघेला खाडी आडवी येत नाही. पूर्वी इथून पलीकडे लाँच जायची, पण खाडीचं तोंड गाळानं भरलं आणि लाँच बंद पडली, त्यालाही आता जमाना झाला. नकाशा उघडून बोटानं जरा रस्ता शोधला असता तर कुणालाही कळलं असतं. पण सुट्टीवर निघालेला माणूस नकाशा उघडत नाही. तो फोटो बघतो, फोटोत गच्चीच्या कठड्यावरून निळाशार समुद्र दिसतो, आणि तो दुसऱ्या दिवशी ट्यूब विकत आणतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर इथं काखेत कळसाही नव्हता, नुसताच वळसा होता.

पुढं बराच वेळ गृहस्थ बोलत होते आणि बाई ऐकत होत्या. फसवणूक, जाहिरात, तक्रार, पोलीस असे सगळे थांबे घेत गृहस्थांची गाडी चालली होती. बाईंनी तेवढ्यात मुलांना पाणी दिलं, बायकोला पंख्याखाली खुर्ची दिली आणि चहाचं आधण ठेवलं. उभा जन्म त्यांनी लांब पल्ल्याच्या बसमध्ये कंडक्टर म्हणून काढला होता, आणि चुकीच्या गाडीत बसलेला माणूस त्यांना नवा नव्हता. असा माणूस आधी कंडक्टरवर ओरडतो, मग ड्रायव्हरवर, मग सरकारवर, आणि शेवटी गप्प होऊन खिडकीबाहेर बघत बसतो. तो खिडकीबाहेर बघायला लागला की मगच त्याला सांगायचं, कुठं उतरायचं आणि पुढं कोणती गाडी मिळेल. त्याआधी सांगितलेलं त्याच्या कानात शिरत नाही. आणि त्याला हसायचं तर अजिबात नाही. पाटी न वाचता गाडीत चढणं हा काही गुन्हा नव्हे, घाईत कुणीही चढतो.

गृहस्थ गप्प झाले आणि खिडकीतून खाडीकडे बघू लागले, तशी बाईंनी त्यांच्या हातात कप दिला.

"आता ऐका. दुपारी भरती येईल. समोरच्या दगडी पायऱ्यांवर गुडघाभर पाणी चढतं, लाटा नाहीत. पायऱ्या सोडायच्या नाहीत एवढं पोरांना बजावा, मग डुंबू द्या. उद्या उजाडता उजाडता निघा, पूल मोकळा मिळेल. पलीकडे पोचाल तेव्हा वाळूत तुम्ही आणि गावातली कुत्री, तिसरं कुणी नसेल. ऊन तापलं की परत या."

गृहस्थांनी तसंच केलं. निघताना त्यांच्या बायकोनं पुढच्या सुट्टीचं विचारलं आणि ट्यूब इथंच ठेवून गेली. माळ्यावर अशा ट्यूबा बऱ्याच जमल्या होत्या.

लोकांच्या या चुकीवर बाई कधी चिडल्या नाहीत, याला कारण होतं. या समुद्राला सगळ्यात आधी भुलल्या होत्या त्या स्वतःच. नवरा बस डेपोत फिटर, त्या कंडक्टर. दोघं निवृत्त झाले तेव्हा दलालानं त्यांना संध्याकाळच्या वेळी नेमकं या गच्चीवर आणून उभं केलं. समोर सूर्य बुडत होता, पाणी सोन्यासारखं झालं होतं. फिटर म्हणाला, "रोज सकाळी वाळूत फिरायला जायचं." झालं, घर घेतलं. राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी दोघं चपला घालून, थर्मास घेऊन निघाले आणि खाडीच्या काठाशी येऊन थांबले. पुढं वाटच नव्हती. फिटर इतका हसला, इतका हसला, की पायरीवरच बसला. म्हणाला, "आयुष्यभर लोकांना रस्ता सांगितलास, आणि स्वतःच्या घराचा विचारला नाहीस." मग दोघांनी तिथंच बसून थर्मासातला चहा संपवला. पुढं तो होता तोवर रोजचा सकाळचा चहा त्याच पायरीवर झाला. बाई अजूनही कप घेऊन तिथंच बसत. दुरून डोंगर साजरे म्हणतात. त्यांना दुरून समुद्रही पुरत होता. या घरावर त्यांचा जीव होता, आणि ते सांगायला त्यांना कधी लाज वाटली नाही.

फिटर गेल्यावर वरचा मजला पाहुण्यांना द्यायची कल्पना लेकीची. ती शहरात एका मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यात होती. माल उलटासुलटा करून बघितल्याशिवाय सही न करणारी बाई म्हणून तिचा तिथं दरारा होता. तिनं फोटो काढले, अ‍ॅपवर चढवले, आणि शहरात बसून सगळा कारभार हाकू लागली. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, असं बाई तिला फोनवर ऐकवायच्या, आणि ती हसायची.

सुरुवातीला बाईंची स्वतःची एक रीत होती. कुणी जागा ठरवली की त्या आधी फोन करायच्या आणि आधी वाईट ते सांगायच्या. "समुद्र दिसतो, पण गाठायला तासभर लागतो. जिना उंच आहे. पहाटे मच्छीमारांची इंजिनं वाजतात. चालत असेल तर या." निम्मे लोक तिथल्या तिथं जागा सोडायचे. लेकीच्या कानावर ते गेलं तशी ती वैतागली.

"आई, अगं गिऱ्हाईक आपल्या पायानं येतंय आणि तू त्याला दारातून हाकलतेस. फोन करायचा नाही. नकाशा त्यांच्यासमोर असतो, त्यांनी बघायचा."

बाईंनी फोन बंद केले. मग माणसं येऊ लागली, ट्यूबा घेऊन येऊ लागली, आणि तक्रारीही येऊ लागल्या. पहिली आली, दुसरी आली. दुसऱ्या तक्रारीनंतर लेक स्वतः आली आणि आईसमोर बसली.

"आई, पुरे झालं आता. कुणीही येतं, तुझ्यावर ओरडतं, आणि तू एकटी असतेस. आणखी एक तक्रार आली की घराला कुलूप लावायचं आणि माझ्याजवळ राहायला यायचं. दे शब्द."

तक्रारींचं नुसतं निमित्त होतं, हे बाईंना कळत होतं. लेकीला त्या जवळ हव्या होत्या. पण बाईंचा स्वतःवर भरवसा दांडगा. चिडलेला माणूस चहा पिऊन हसत जातो, हे रोज बघत होत्या. "दिला शब्द," म्हणाल्या.

तिसरी तक्रार आली ती न चिडलेल्या माणसांकडून. एक शांत जोडपं आलं, दोघांनाही चष्मा. काही बोलले नाहीत, समुद्राकडे बघितलं, चहा घेतला, छान छान म्हणाले आणि ठरल्या दिवशी निघून गेले. घरी जाऊन त्यांनी अ‍ॅपवर लिहिलं: "मालकीणबाई प्रेमळ आहेत. समुद्र दिसतो छान, पण दिसतोच फक्त." आणि चांदणी एकच दिली. लेकीनं फोनवर ते वाचून दाखवलं तेव्हा बाई म्हणाल्या, "खोटं काय लिहिलंय त्यांनी?" ओरडणाऱ्याशी कसं वागायचं ते त्यांना येत होतं. गप्प बसणाऱ्यांनी त्यांना बरोबर गाठलं होतं.

शब्द म्हणजे शब्द. एकदा फाडलेलं तिकीट कंडक्टर परत चिकटवत नाही. बाईंनी चादरी धुऊन, घडी घालून ठेवल्या, गॅस बंद केला, फिटरची आरामखुर्ची गच्चीवरून आत घेतली. खुर्ची आत घेताना मात्र त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मग तोंड धुतलं, कुलूप लावलं आणि सकाळची गाडी पकडली.

लेकीच्या फ्लॅटमध्ये आणखी एक माणूस कायमचं राहील एवढी जागा नव्हती. म्हणून तिनं आईसाठी जवळच एक छोटा फ्लॅट बघितला होता, त्याच अ‍ॅपवरून. आधी महिनाभर राहून बघायचं, आवडला तर कायमचा. "आमच्यापासून जेमतेम अर्धा किलोमीटर," लेक म्हणाली होती. "संध्याकाळी ऑफिसातून सुटले की मी तुझ्याकडे, सकाळी शाळेआधी नात तुझ्याकडे." बाईंनी काहीच विचारलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला रस्ता समजावणारी ही बाई, पण स्वतःच्या बाबतीत दिव्याखाली अंधार. लेकीच्या गाडीची पाटी कुठली आई वाचते?

स्टँडवरून बाई रिक्षानं थेट तिथं गेल्या आणि खालच्या रखवालदाराकडून किल्ली घेतली. फ्लॅट चांगला होता. ओटा लख्ख, नळाला जोर, चौथ्या मजल्यावर खेळता वारा. आणि बाल्कनीत उभं राहिलं तर समोर लेकीची इमारत. मधे रेल्वेचे रूळ, मालगाड्यांचे डबे, आणि पलीकडे तिसऱ्या मजल्यावर लेकीची बाल्कनी; दोरीवर नातीचा पिवळा फ्रॉकसुद्धा ओळखू येत होता. बाईंना एकदम बरं वाटलं. लेक ऑफिसात, पण नात दुपारी शाळेतून येते; तिला गरम काहीतरी करून घालावं म्हणून त्यांनी पिशवी घेतली आणि चालत निघाल्या.

चालत चालत त्या एका उंच भिंतीशी आल्या. भिंतीला फाटक नव्हतं. त्या डावीकडे गेल्या, भिंत संपली नाही. उजवीकडे गेल्या, तिकडेही भिंतच. शेवटी भिंतीच्या सावलीत सायकलचं पंक्चर काढत बसलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "दादा, पलीकडे कसं जायचं?"

"पलीकडे?" त्यानं मान वर न करता हवा भरली. "चौकातून बस घ्या, उड्डाणपुलाशी उतरा, तिथून दुसरी बस. तासभर धरा."

तासभर धरा. शब्द बाईंचे, सूरही बाईंचाच. त्यांना असं हसू फुटलं की पंक्चरवाला घाबरून उठला आणि त्यानं बसायला आपलं स्टूल पुढं केलं. बाई स्टुलावर बसल्या, डोळे पुसले, आणि पुसता पुसता हसू कुठं संपलं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. शेजारी पायरीवर बसून हसायला आज फिटर नव्हता. घर सोडलं, खुर्ची आत घेतली, शब्द पाळला, आणि आल्या कुठं, तर पुन्हा काठावरच.

संध्याकाळी समोरच्या बाल्कनीत दिवा लागला. लेकीनं कठड्यावरून दोन्ही हात हलवले आणि फोन केला. "आई, डबा घेऊन निघाले बघ, दहा मिनिटांत पोचते."

"अगं, थांब, आधी ऐक..." बाई म्हणाल्या, पण तोवर फोन बंद झाला होता, आणि मग तो लागेचना.

बाईंनी माठातलं पाणी तांब्यात काढून ठेवलं, पंख्याखाली खुर्ची ओढली आणि चहाचं सामान ओट्यावर मांडलं. पुढं काय होणार, ते त्यांना तोंडपाठ होतं.

लेक आली ती पार दमून. केस कपाळाला चिकटलेले, एका चपलेचा अंगठा तुटलेला, डब्यातली आमटी पिशवीभर झालेली. दारातूनच तिनं सुरू केलं. हे अ‍ॅप म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. भिंतीत एक फाटक ठेवायला रेल्वेचं काय जात होतं. नगरपालिका झोपली आहे. नवऱ्याला एकदा बघून ये म्हटलं होतं, त्यानं नुसती मान हलवली. बाईंनी तिच्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं आणि मधे एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळे थांबे झाले. लेक खुर्चीत बसली आणि बाल्कनीतून रुळांपलीकडे, स्वतःच्याच घरातल्या दिव्याकडे बघत गप्प झाली.

"मी बघितलंच नाही गं आई," थोड्या वेळानं ती म्हणाली. "अर्धा किलोमीटर वाचलं आणि पुढं बघितलंच नाही. इतका आनंद झाला होता मला." "बाबांच्या वेळी मी वाटेतच होते. मला पोचताच आलं नाही. तेव्हापासून तुझा फोन वाजला तरी छातीत धस्स होतं. मला तू हाकेच्या अंतरावर हवी होतीस."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. हे दुःख लेकीनं आजवर कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि आपणही कधी विचारलं नव्हतं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

"तुझे बाबा तुझी वाट बघत गेले नाहीत," त्या म्हणाल्या. "लेक गाडीत बसली, एवढं ऐकूनच ते निवांत झाले. मी शेजारी होते, मला माहीत आहे. आणि मला तिथं कधीच भीती वाटत नाही असं नाही. वाटते. पण ते माझं घर आहे गं. इथं मी दिवसभर त्या भिंतीकडे बघत बसेन."

लेक रडत होती. तिचं रडणं ओसरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी तिच्या हातात कप दिला आणि म्हणाल्या, "आता फोन काढ आणि या जागेबद्दल माझी तक्रार लिहून घे."

"तक्रार?"

"लिही. ओटा लख्ख आहे. वारा चांगला आहे. लेक दिसते छान, पण दिसतेच फक्त."

लेकीनं आईकडे बघितलं. आधी तिला हसू आलं, मग पुन्हा रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम.

"तक्रार आली की कुलूप, हा नियम तुझाच," बाई म्हणाल्या. "आता कुलूप कुठल्या घराला लावायचं ते तूच ठरव."

त्या आठवड्यात बाई लेकीकडेच हॉलमध्ये गादी टाकून राहिल्या. नातीनं त्यांच्याकडून बसची घंटी कशी वाजवतात ते शिकून घेतलं आणि सगळ्या घराला वीट आणला. जावयानं निघताना बॅग स्टँडपर्यंत आणून दिली आणि भिंतीचा विषय पुन्हा निघाला नाही याबद्दल मनातल्या मनात आभार मानले. घरी आल्यावर बाईंनी सगळ्यात आधी फिटरची खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली. मग लेकीला फोन करून अ‍ॅपवरच्या फोटोच्या वर, अगदी पहिल्या ओळीत लिहायला लावलं: समुद्र दिसतो, पण गाठायला तासभर लागतो. शिवाय येणाऱ्याला आधी फोनही करायला लागल्या. पाहुणे कमी झाले. पण जे येत ते ऐकून, समजून येत, आणि ट्यूब आणायची विसरले तर माळ्यावरची घेत.

एक दिवस दुपारी बाई गच्चीवर चादरी काढत असताना लेकीचा फोन आला. आवाज अगदी कामकाजाचा.

"शनिवार-रविवार वरचा मजला रिकामा आहे का हो?"

"आहे," बाईही तशाच आवाजात म्हणाल्या. "पण आधी वाईट ते सांगते. समुद्र दिसतो छान, पण गाठायला तासभर लागतो. नंतर तक्रार चालणार नाही."



"समुद्र कुणाला हवाय, आई," लेक म्हणाली. "तू असशील ना, तेवढं सांग."

"असेन," कंडक्टरबाई म्हणाल्या. "सकाळच्या गाडीनं ये. मधे कुठं बदलायला लागत नाही."